रोटरी आणि ख्रिस्तसभा : एका संशयाचा इतिहास

व्हॅटिकनच्या ‘होली ऑफिस’ने, म्हणजे धर्मसिद्धान्तांच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याने, २० डिसेंबर १९५० रोजी एक हुकूम संमत केला आणि १९५१ च्या जानेवारीत तो प्रसिद्ध झाला. हुकूम अवघ्या काही ओळींचा आहे. धर्मगुरूंनी रोटरी क्लबचे सभासद होऊ नये व त्याच्या सभांनाही उपस्थित राहू नये, असे त्यात बजावले आहे. प्रापंचिकांना सरळ मनाई नाही. त्यांना तत्कालीन धर्मसंहितेच्या ६८४ व्या कलमाची आठवण तेवढी करून दिली आहे. ख्रिस्तसभेने स्थापिलेल्या वा गौरविलेल्या संघटनांत सामील होणाऱ्यांची हे कलम प्रशंसा करते आणि गुप्त, निषिद्ध, राजद्रोही वा संशयास्पद मंडळांपासून दूर राहण्याचा इशारा देते.

आजच्या वाचकाला हे वाचून नवल वाटेल. रोटरी म्हटले की आपल्यापुढे उभे राहते ते नेत्रतपासणी शिबिर, रक्तदानाचा कार्यक्रम, एखाद्या शाळेला दिलेले बाक, एस.टी. स्थानकावरील पाणपोई आणि तिच्यावर रंगवलेले पिवळे-निळे दातेरी चाक. अशा निरुपद्रवी मंडळींत रोमला कोणता धोका दिसला असावा? आणि १९५१ साली ज्यांच्या सभेला जाणेही धर्मगुरूंना वर्ज्य ठरले, त्यांच्याच हजारो सभासदांचे २०१६ साली संत पेत्राच्या चौकात स्वागत कसे झाले? या दोन प्रसंगांच्या दरम्यान पासष्ट वर्षे गेली. या काळात ख्रिस्तसभा बदलली, हे आपण जाणतो. रोटरीही बदलली, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्हांस वाटते, हा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे.

आरंभ शिकागोचा. पॉल हॅरिस हे १८६८ साली विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेले व व्हर्माँटमधील वॉलिंगफर्ड या खेड्यात आजी-आजोबांपाशी वाढलेले गृहस्थ १८९६ साली वकिली करण्यासाठी शिकागोस आले. खेड्यात प्रत्येक माणूस दुसऱ्यास नावाने हाक मारीत असे; शहरात अशिलांची ओळख होती, मित्र कोणी नव्हता. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या पहिल्या पिढीतील माणसांना हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २३ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री डिअरबॉर्न मार्गावरील युनिटी बिल्डिंगमध्ये, ७११ क्रमांकाच्या खोलीत, हॅरिस यांच्यासह चौघे जमले. सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी, गुस्टाव्हस लोअर हे खाण-अभियंते, हायरम शोरी हे कपडे शिवण्याचा व्यवसाय करणारे. ती खोली लोअर यांची कचेरी होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या, अशी पाळीपाळीने फिरती ठेवायची ठरली आणि त्या फिरण्यावरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले.

सेवेचा विचार त्या रात्री कोणाच्या मनात होता, असे दिसत नाही. एका व्यवसायाचा एकच सभासद, हा नियम होता. म्हणजे आपसांत स्पर्धा नाही, आणि कोळसा हवा तर शील यांच्याकडे जायचे, कोट शिवायचा तर शोरी यांच्याकडे. सभासदांनी एकमेकांस किती धंदा मिळवून दिला याची नोंद ठेवणारा एक पदाधिकारीही सुरुवातीस असे. पुढील काळातील रोटरीच्या गौरवग्रंथांत या नोंदवहीवर फारसा भर दिसत नाही, तो का हे समजण्यासारखे आहे. आम्हांस मात्र ती नोंदवही महत्त्वाची वाटते. आपल्या लाभासाठी एकत्र आलेली माणसे हळूहळू दुसऱ्यांच्या लाभाकडे वळली, यातच त्या संस्थेची खरी कथा आहे.

हे वळण आले ते एका अगदी साध्या गोष्टीवरून. शिकागोत रस्त्यावरच्या माणसासाठी सार्वजनिक स्वच्छतागृह नव्हते. पुरुषाने मद्यालयात शिरावे आणि स्त्रीने मोठ्या दुकानात. तिथे शिरल्यावर काही घेतल्याशिवाय बाहेर पडणे संकोचाचे. १९०७ पासून क्लबने हा प्रश्न हाती घेतला. मद्याचे उत्पादक आणि मोठे दुकानदार यांनी विरोध केला, कारण गरजेपोटी आत येणारे गिऱ्हाईक त्यांना गमवायचे नव्हते. तरीही शहराच्या मध्यभागी, नगरपालिकेच्या इमारतीजवळ स्वच्छतागृह उभे राहिले. रोटरीचे पहिले सार्वजनिक कार्य म्हणून याचीच नोंद केली जाते. आमच्या मते कोणत्याही भव्य वास्तूपेक्षा हा आरंभ अधिक गौरवाचा होय.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो. १९१० पर्यंत अमेरिकेत सोळा क्लब झाले; १९११ मध्ये ही चळवळ आयर्लंड व इंग्लंडमध्ये पोहोचली; १९१७ साली आर्च क्लम्फ यांच्या सूचनेवरून कायमस्वरूपी निधी उभारण्याचे ठरले व त्यात पहिली देणगी पडली ती साडेसव्वीस डॉलरची. त्याच काळात तशाच धर्तीची इतर मंडळेही निघाली : १९१५ साली डेट्रॉइटमध्ये किवानिस, १९१७ साली शिकागोतच लायन्स. लायन्सला १९२५ साली हेलन केलर यांनी अंधांच्या कैवारी होण्याचे आवाहन केले आणि आपल्याकडील लायन्स क्लबांची नेत्रशिबिरे हे त्या आवाहनाचेच दूरचे फळ. भारतात रोटरी आली ती कलकत्त्यास, १९१९-२० मध्ये. तेथील सभासदवर्ग सुरुवातीस मुख्यतः युरोपियन व्यापारी व अधिकाऱ्यांचा होता. मुंबईचा क्लब १९२९ साली स्थापन झाला. १९६२ साली कलकत्त्याचे नितीश लाहरी जागतिक रोटरीचे अध्यक्ष झाले. या पदावर आलेले ते पहिले आशियाई.

१९२९ हे वर्ष मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे. मुंबईत क्लबाची घंटा पहिल्यांदा वाजली, त्याच वर्षी रोममधून पहिला प्रतिकूल निर्णय बाहेर पडला होता.

त्याची पूर्वपीठिका युरोपची आहे. १७३८ साली पोप क्लेमेंट बारावे यांनी फ्रीमेसन मंडळांचा निषेध केला. तेव्हापासून फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल या देशांत मेसन आणि ख्रिस्तसभा यांच्यातील वैर राजकारणाच्या रक्तात भिनले होते. मठांची जप्ती, शाळांतून धर्मशिक्षणाची हकालपट्टी, धर्मगुरूंविरुद्धचे कायदे, या साऱ्यांमागे मेसन मंडळांचा हात असल्याची तेथील श्रद्धावंतांची खात्री होती, आणि अनेक ठिकाणी ती अवास्तव नव्हती. अशा वातावरणात अटलांटिकपलीकडून एक मंडळ येते. सभासद निवडून घेतले जातात, सगळे प्रतिष्ठित पुरुष असतात, छातीवर चिन्ह असते, विश्वबंधुत्वाची भाषा असते आणि कोणत्याही धर्माचे नाव घेतले जात नाही. हे मेसनांचेच नवे सोंग, असे तेथील बिशपांस वाटले. रोमच्या येशूसंघीयांच्या ‘ला चिविल्ता कात्तोलिका’ या नियतकालिकाने १९२८ साली रोटरीवर टीका केली. स्पेनमध्ये टोलेडोचे कार्डिनल सेगुरा आदी महागुरूंनी श्रद्धावंतांस इशारे दिले. मग ४ फेब्रुवारी १९२९ रोजी रोमच्या संबंधित खात्याने बिशपांच्या प्रश्नास उत्तर दिले की, धर्मगुरूंना रोटरीत सामील होण्याची परवानगी देणे इष्ट नव्हे. १९२९ चे ‘इष्ट नव्हे’ १९५० मध्ये ‘अनुमत नाही’ झाले.

हा संशय आज तपासून पाहता त्यातील एक भाग टिकत नाही. रोटरीत शपथ नाही, गुप्त विधी नाही. सभा उपाहारगृहात भरते, पाहुणे येतात, वार्ताहर येतात, आणि सभासद आपली छायाचित्रे वर्तमानपत्रांत यावीत म्हणून जेवढे झटतात तेवढे पाहता त्यांच्यावर गुप्ततेचा आरोप करणे म्हणजे त्यांच्या परिश्रमांवर अन्याय होय! अमेरिकेत तर कित्येक धर्मगुरू या क्लबांत सभासद होते आणि तेथील श्रद्धावंतांना त्यात वावगे दिसत नव्हते. स्पेनमधील अनुभव साऱ्या जगाला लावला गेला, हे नाकारता येणार नाही.

परंतु दुसरा भाग इतका हलका नाही. रोटरीने १९१५ साली व्यवसायासाठी एक नीतिसंहिता स्वीकारली होती. सचोटी, विश्वास, दुसऱ्याशी आपल्यासारखे वागणे, असा तिचा आशय. प्रश्न असा विचारला गेला की, देवाचे नाव न घेता उभी राहिलेली ही नीती किती काळ तग धरील? सगळे धर्म एका ताटात वाढणारी सौजन्याची वृत्ती पुढे ‘कोणताही धर्म असला काय नसला काय’ येथवर तर पोहोचणार नाही? आम्ही हा प्रश्न विचारणाऱ्यांना संकुचित म्हणणार नाही. त्याचे उत्तर पुढे युरोपच्या इतिहासाने दिले, आणि ते रोटरीला फारसे भूषणावह नाही.

१९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले. विख्यात कादंबरीकार, १९२९ चे नोबेल पारितोषिक विजेते टॉमस मान हे म्युनिक क्लबाचे सभासद होते. नवी सत्ता त्यांच्यावर रुष्ट आहे, एवढे कळताच त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये क्लबाने त्यांचे नाव पटावरून काढून टाकले. मैत्री हा ज्या संस्थेचा पाया, तिने पहिल्या वादळातच मित्राचा हात सोडला. ज्यू सभासदांच्या बाबतीतही जर्मन क्लबांचे वर्तन अभिमानाने सांगण्यासारखे नाही. एवढी तडजोड करूनही क्लब वाचले नाहीत. १९३७ साली त्यांना आपले दरवाजे बंद करावे लागले. मुसोलिनीच्या इटलीत १९३८ साली तेच झाले. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत रोटरीला स्थान उरले नाही आणि तिथे क्लब पुन्हा सुरू व्हायला १९७७ साल उजाडावे लागले. आता गंमत पाहा : हुकूमशहांनी रोटरीवर ठेवलेला आरोप कोणता? मेसनांशी संबंध! म्हणजे काही धर्माचार्य आणि हुकूमशहा, ज्यांच्यात अन्य बाबतींत जमीन-अस्मानाचे अंतर होते, ते या एका आरोपापुरते एकाच ओळीत येऊन बसले. देवाविना नीती किती टिकते हा प्रश्न धर्मपंडितांनी विचारला होता. पण त्याच काळात देवाचे नाव ओठांवर असलेल्यांपैकीही कितीजण टिकले, हे युरोपातील ख्रिस्ती देशांचा इतिहास वाचणाऱ्यास ठाऊक आहे. तेव्हा म्युनिकच्या त्या क्लबावर आम्ही फार मोठ्याने बोट रोखू इच्छीत नाही.

महायुद्धानंतर क्लब पुन्हा उभे राहिले आणि होली ऑफिसचा हुकूम आला, तो वर सांगितलाच आहे. याच शतकात ख्रिस्ती प्रापंचिकांनी क्लबाचे स्वरूप स्वतःही स्वीकारले होते, हे येथे जाता जाता सांगण्याजोगे. १९३५ साली अमेरिकेतील सिअॅटल शहरात काही कॅथलिक व्यावसायिकांनी ‘सेरा क्लब’ सुरू केला. धर्मगुरुपदाच्या पाचारणांना साहाय्य हा त्याचा हेतू. आणि असे क्लब निघण्यापूर्वीच, १८३३ साली, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने जी संस्था काढली, तिचे सभासद आजही आपल्या धर्मग्रामांत गरिबांच्या घरी जातात. रोटरी आणि ही संस्था यांत एक फरक आम्हांस सदैव जाणवतो. व्हिन्सेंट द पॉल संस्थेचा सभासद गरिबाच्या घरात जाऊन बसतो. रोटरीने दीर्घकाळ मदत पाठवली, स्वतः गेली नाही. हा फरक पुसला गेला तो पोलिओच्या कामात. तिकडे आम्ही वळणारच आहोत.

त्याआधी रोमकडे पुन्हा एकदा पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आज्ञापत्र आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. सदिच्छा असणाऱ्या सर्व माणसांबरोबर मिळून काम करावे, ही दृष्टी त्यांतून अधिकृत झाली. त्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी इटलीतील रोटरी सभासदांना भेट दिली होती. आम्ही सेमिनरीत शिकलो ती १९८३ ची नवी धर्मसंहिता. १९१७ ची संहिता आणि तिचे ६८४ वे कलम तोवर इतिहासजमा झाले होते. फ्रीमेसन मंडळांविषयीची मनाई कायम आहे, असे रोमने २६ नोव्हेंबर १९८३ रोजी पुन्हा स्पष्ट केले. त्या निवेदनात रोटरीचे नाव नाही. दोहोंत रोमने भेद केला तो असा, गाजावाजा न करता.

या सर्वांत १९७९ हे वर्ष मध्यवर्ती आहे. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अधिवेशन रोममध्ये भरले आणि १४ जून रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या मेळाव्यापुढे भाषण केले. ज्या नगरीतून अठ्ठावीस वर्षांपूर्वी मनाईचा हुकूम निघाला, त्याच नगरीत पोप महोदय त्यांच्यासमोर उभे होते. आणि याच वर्षाच्या २९ सप्टेंबरला फिलिपीन्स या बहुसंख्य कॅथलिकांच्या देशात, मनिलालगतच्या मकाती येथील ग्वादालूपे व्हिएहो वस्तीतील आरोग्यकेंद्रात, रोटरीचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स बोमर यांनी एका बालकाच्या मुखात पोलिओ लशीचे थेंब घातले. देशातील सुमारे ६० लाख बालकांना लस देण्याचा पाच वर्षांचा तो प्रकल्प होता. लस पोहोचविण्याच्या कामात इटलीतील बेर्गामोकडचे एक रोटेरियन, सेर्जिओ मुलिच, यांनी पुढाकार घेतला होता. जॉन सेव्हर या अमेरिकन वैद्यकशास्त्रज्ञाने सुचविले होते की, क्लबांनी असंख्य लहान कामांत शक्ती वाटून टाकण्यापेक्षा एकाच रोगाचा पिच्छा पुरवावा, आणि तो रोग पोलिओ असावा.

ही सूचना वरवर साधी दिसते, पण क्लबांच्या स्वभावाविरुद्ध होती. प्रत्येक गावचा क्लब स्वायत्त, प्रत्येक वर्षी नवा अध्यक्ष, आणि प्रत्येक अध्यक्षाला आपल्या वर्षाचा ठसा उमटवायचा असतो. पायाभरणी एकाची, उद्घाटन दुसऱ्याचे, आणि तिसऱ्याच्या वर्षी नळाला पाणी नाही, असे अनेक प्रकल्पांचे होते. (धर्मग्रामातही बदली झालेल्या धर्मगुरूंच्या योजनांचे काय होते, हे वाचकांस सांगायला नकोच.) अशा संस्थेने चाळीस-पन्नास वर्षे एकच काम करायचे म्हणजे स्वतःच्या मोहावर जय मिळवायचा. १९८५ साली ‘पोलिओ प्लस’ ही मोहीम जाहीर झाली, तेव्हा १२ कोटी डॉलर जमविण्याचे लक्ष्य होते. तीन वर्षांत त्याच्या दुपटीच्या आसपास रक्कम जमली. १९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळी १२५ देशांत दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख बालके या रोगाने पंगू होत होती.

आपल्या मुंबईलाही हे दुःख नवे नव्हते. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातेमा इस्माईल यांनी १९४७ च्या सुमारास अशा मुलांसाठी काम उभारले, आणि त्यातूनच पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय आकारास आले. पण उपचार हा रोगानंतरचा मार्ग. रोगाच्या आधी पोहोचायचे तर प्रत्येक दार ठोठवावे लागते. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला, आणि ९ डिसेंबर १९९५ व २० जानेवारी १९९६ हे देशभरचे पहिले दोन ‘पल्स पोलिओ’ दिवस ठरले. पुढे यासाठी रविवार निवडला जाऊ लागला. मिस्साच्या शेवटी घोषणा करायची आणि लोकांनी बाहेर पडताच मुलांना बूथवर न्यायचे, हे दृश्य आपल्याकडील अनेक धर्मग्रामांना परिचित आहे. परळच्या हाफकिन संस्थेची औषधनिर्मिती कंपनी या मोहिमेची एक मोठी लसपुरवठादार होती, ही गोष्ट महाराष्ट्रात तितकीशी सांगितली जात नाही.

काम कसे चाले ते सांगितले पाहिजे, कारण त्यातच त्याचे मोठेपण आहे. लस थंड राहिली पाहिजे. म्हणून बर्फाच्या पट्ट्या भरलेली लहान पेटी खांद्याला. कुपीवर एक चौकोन, जो उष्णतेने गडद होत जातो. तो ठरावीक छटेपलीकडे गेला की ती कुपी बाद. थेंब दिल्यावर बालकाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई. बूथचा दिवस संपला की घरोघर फेरी, आणि दारावर खडूने खूण : सर्व मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादे राहिले तर ‘एक्स’. ‘एक्स’च्या घरी पुन्हा जायचे, तो ‘पी’ होईपर्यंत. रेल्वेस्थानके, वीटभट्ट्या, उसतोड कामगारांची पाले, बिहारमधील कोसी नदीच्या पुराने तुटलेल्या वस्त्या, कोठेही सूट नाही. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालके आणि त्यांच्यासाठी २० लाखांहून अधिक लस देणारे हात. उत्तर प्रदेशात ‘या थेंबांनी वंध्यत्व येते’ अशी अफवा पसरली, तेव्हा रोटरीने मुस्लिम उलेमांची समिती स्थापन करून त्यांच्याच तोंडून लोकांची समजूत घातली. एखाद्या धर्माचा उच्चार करण्याचे टाळून चालणारी संस्था अखेर धर्माच्या दारात मदत मागायला आली, आणि ते दार उघडले गेले. १९२९ च्या टीकाकारांनी हे पाहायला हवे होते.

बुरख्याआडच्या आईने दार उघडले ते मात्र उलेमांच्या शब्दाबरोबरच समोर बाई उभी असल्याने. येथे रोटरीच्या दुसऱ्या एका बंद दाराची आठवण होते. स्थापनेनंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ या क्लबांत स्त्रियांना सभासदत्व नव्हते. कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा वरिष्ठांनी १९७८ मध्ये त्या क्लबाचीच मान्यता काढून घेतली. सभासदांनी ‘माजी रोटरी क्लब, डुआर्टे’ असे नाव धारण करून सभा चालू ठेवल्या आणि खटला लढविला. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९८९ साली रोटरीने आपली घटना बदलली. न्यायालयाने ढकलल्यावर उघडलेले हे दार आहे, याची नोंद त्यांच्या शतकमहोत्सवी गौरवात थोड्या मोठ्या अक्षरांत असती तर बरे झाले असते. जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या त्या २०२२ साली.

२००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले, जगातील एकूण संख्येच्या जवळजवळ निम्मे. कित्येक जाणकारांनी तेव्हा आशा सोडली होती. २०१० च्या आरंभी विषाणूच्या दोन प्रकारांवर एकदम परिणाम करणारी नवी लस वापरात आली आणि त्या वर्षी रुग्ण उरले ४२. २०११ मध्ये एकच : पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातील एक चिमुरडी, जिला १३ जानेवारी रोजी लक्षणे दिसली. त्या वर्षी वापीचे कल्याण बॅनर्जी हे रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले होते. २५ फेब्रुवारी २०१२ रोजी भारत सरकार व रोटरी यांनी दिल्लीत भरविलेल्या परिषदेत पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून भारताचे नाव वगळल्याची घोषणा झाली. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

श्रेयाचा प्रश्न येथे सरळ बोलला पाहिजे. भारतातील खर्चाचा मोठा भार भारत सरकारने उचलला. उन्हातान्हात पेटी घेऊन फिरल्या त्या अंगणवाडी सेविका, आशा आणि परिचारिका, तुटपुंज्या मानधनावर. रोटरीने फलक, टोप्या, प्रचार, निधी आणि दिल्लीतील मंत्रालयांपासून खेड्यातील मौलवींपर्यंतची मनधरणी पुरविली. जगभरात तिने या कामासाठी २०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली आहे. पण काही फलकांवर लशीच्या दोन थेंबांपेक्षा क्लबाच्या अध्यक्षांचे छायाचित्र मोठे असे, हेही आम्ही पाहिले आहे. डाव्या हाताला कळू नये असे दान रोटरीला अजून साधलेले नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या चर्चच्या बाकांवर कोरलेल्या देणगीदारांच्या नावांकडे पाहता ते आपल्यालाही साधलेले नाही.

पोप फ्रान्सिस हे ब्यूनस आयर्सचे आर्चबिशप असताना तेथील रोटरी क्लबाने त्यांना मानद सभासदत्व दिले होते. दयेच्या जयंती वर्षात, ३० एप्रिल २०१६ रोजी, सुमारे ९ हजार रोटरी सभासद रोममध्ये जमले आणि संत पेत्राच्या चौकात पोप महोदयांच्या दर्शनमेळाव्यास उपस्थित राहिले. त्यांच्या अग्रभागी होते तेव्हाचे जागतिक अध्यक्ष के. आर. रवींद्रन, श्रीलंकेचे. १९५० चा हुकूम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो शिष्टसंप्रदायी युरोपियन क्लब होता, त्याच्या नेतृत्वात आशियाई माणूस असेल आणि त्याच्या यशाची मोठी गाथा भारतातील वीटभट्ट्यांवर लिहिली गेली असेल, हे त्यांना सुचणे शक्यच नव्हते.

नैसर्गिक पोलिओ विषाणूचे स्थानिक संक्रमण आता केवळ पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोन देशांत उरले आहे. भारतात नवा रुग्ण नसला तरी शेजारून विषाणू येऊ नये म्हणून पोलिओ रविवार अजूनही पाळला जातो. पाकिस्तानात २०१२ च्या डिसेंबरपासून लस देणाऱ्यांवर वारंवार हल्ले झाले आहेत. मारल्या गेलेल्यांत स्त्रिया बऱ्याच आहेत, आणि त्यांचे रक्षण करणारे पोलीसही. तरीही प्रत्येक फेरीच्या सकाळी तेथील स्त्रिया पेटी खांद्याला लावून बाहेर पडतात, आणि ज्या दारावर खडूची खूण नाही तेथे थांबतात.